कावळा शिवेना

दहाव्याचा पिंड ठेवून केव्हाचा झाला होता, पण कावळा शिवेना. इंदूरच्या त्या मुक्तिधामाच्या भिंतीवर तीन कावळे बसले होते. माना तिरक्या करून भाताकडं बघत होते, खाली यायचं मात्र नाव नाही. ऊन चढलं तरी मेले हलेनात.

"श्रीपाददादा, आईची फिकीर करू नको, मी आहे ना," धाकटा भाऊ जयेश हात जोडून म्हणाला. कावळे तिथंच.

"अजून काही राहिलं असेल त्यांचं. आठवा, बोला," गुरुजी म्हणाले. "नाहीतर मग दर्भाचा कावळा करून लावतो."

"दर्भाचा नको!" इरावती जवळजवळ ओरडलीच. नवरा बंगळुरूला लढाऊ विमानांच्या इंजिनांपाशी आणि ही लेकीला घेऊन इथं सुदामा नगरात, सासूजवळ. असाच सगळा संसार. गेला तोही तिकडंच, इंजिनाची चाचणी चालू असताना, खुर्चीत बसल्या बसल्या. निदान आता तरी त्यानं तिच्या शब्दावर यावं, एवढंच तिला हवं होतं.

"श्रीपाद, निधीला खूप शिकवीन," ती म्हणाली. "आईंना उलटून बोलणार नाही. आणि मी... मी राहीन रे नीट. वेळेवर जेवीन." एका कावळ्यानं पंख झाडले आणि परत मिटले.

"अब क्या बाकी रह गया यार," जयेश पुटपुटला.

इरावतीला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं, पण जीभ रेटत नव्हती. मागं उन्मेष उभा होता, श्रीपादच्या हाताखालचा इंजिनियर, सकाळच्याच विमानानं आलेला. ती त्याच्याकडं वळली.

"तुम्ही बोला भाऊ. तुमच्या त्या फटीचं बोला."

उन्मेष गांगरला. "इथं, वहिनी?"

"बोला हो!"

तो पिंडासमोर आला. "सर, टर्बाइनच्या पात्यांची टोकं आणि बाहेरचं कवच, त्यांच्यातल्या फटीचं काम मी अर्धवट टाकणार नाही. तापल्यावर पातं घासणार नाही आणि जोरही गळणार नाही, इतकीच ठेवीन. केसाएवढी. पुढची टेस्ट मी घेतो सर."

त्याचं बोलणं संपायच्या आत कावळा उतरला. पाठोपाठ दुसरा, तिसरा. भातावर नुसती झुंबड.

"शिवला, शिवला!" सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जयेशनं डोळे पुसले. "अडकले होते बिचारे. सुटले," गुरुजी म्हणाले. उन्मेष तर पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

"चला वहिनी," जयेश म्हणाला. "आता मागं वळून बघायचं नसतं."

चार पावलं ती गेली. मग वळलीच.

"माझ्याकडून तुला काहीच नको होतं का रे?"