तांबट आळीतली चौथी पिढी

गाइड म्हणून मृण्मयीची ती पहिलीच सहल होती. तांबट आळीतल्या एका जुन्या घरापुढे बारा पर्यटकांना थांबवून तिने वर बोट दाखवलं. “ही छोटी खिडकी शत्रूवर नजर ठेवायला होती.”

“कसला शत्रू?” खिडकीतून एक बाई ओरडल्या. “माझ्या सासऱ्यांच्या कबुतरांसाठी पाडलीय ती!”

सगळे हसले. मृण्मयीचं तोंड एवढंसं झालं. पर्यटक बाईंनाच प्रश्नांवर प्रश्न विचारू लागले, तशा त्या खुलल्या आणि चपला अडकवून खालीच आल्या.

“चला, खरी आळी मी दाखवते. तू वर जा गं. गॅसवर दूध ठेवलंय, उतू जाऊ देऊ नकोस.”

हातोड्यांच्या ठकठकीत सगळी मंडळी बाईंच्या मागे निघून गेली. रडू आवरत मृण्मयी वर स्वयंपाकघरात गेली आणि दूध ढवळत उभी राहिली.

इतक्यात दुसऱ्याच सहलीतलं एक जोडपं जिन्यातून आत डोकावलं. “ताई, तुम्ही इथे किती वर्षं राहता?”

मृण्मयीने डोळे पुसले, गॅस बारीक केला आणि न अडखळता म्हणाली, “आमची ही चौथी पिढी. या ना, चहा टाकते.”