अर्धं बोट

मनीषनगरच्या क्रीडा केंद्रातला लहान मुलांचा हौद चंपतराव मिस्त्रींनी तळापासून नवा केला. गळती तपासायला पाणी भरलं, नळ बंद केला आणि पाण्याच्या कडेनं टाइलवर मार्करची रेघ मारली. नागपूरचा मे महिना. पाणी घटायलाच पाहिजे. पण ते रोज सकाळी अर्धं बोट वाढलेलं दिसायचं. तीन दिवसांत वर तीन रेघा झाल्या.

"घटलं असतं तर मीच बोंबललो असतो, काका. वाढून राहिलं तर काहून भेता?" ठेकेदार पियूष म्हणाला. "उद्या फीत कापाची आहे."

"उद्या पोट्टे उतरतीन यात. माही नात पण. तू उतर ना पहिले."

पियूष मोबाईल कानाला लावून सटकला. असल्यांना फीत दिसते, पाणी दिसत नाही.

मग चंपतरावच कपड्यांसकट उतरले आणि गळ्यापर्यंत पाणी येईल असे तळाला बसले. पाणी शेवटच्या रेघेवर अर्धं बोट चढलं. रोज चढायचं, बरोबर तेवढंच.

ते हललेही नाहीत. हौदात दुसरं कोणी नव्हतं.

पाणी आणखी अर्धं बोट चढलं.