अंगुस्तान

कोटांच्या कारखान्यात तो हाताने काजं करायचा आणि संध्याकाळी शीळ घालत घरी यायचा. घरच्यांना ते समाधान बघवत नव्हतं. “धाकट्या बहिणीचा नवरा मॅनेजर झाला. तुम्ही बसा जन्मभर कोटांना भोकं पाडत,” बायको म्हणायची. शेवटी मेव्हण्याने मालकांकडे वशिला लावला आणि सुपरवायझरची बढती गळ्यात पडली. सत्काराच्या वेळी सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान निघेना. बायकोने चारचौघांत साबण लावून ओढून काढलं, तेव्हा टाळ्या पडल्या. “आता माणसांत आलात, जावईबापू!” सासरे गहिवरले. दुसऱ्या दिवशी मालकांनी केबिनमध्ये त्याला पहिलं काम दिलं: काजांचं मशीन येतंय, हातकाजवाल्यांना कामावरून कमी करा. त्याने बोटावरचा अंगुस्तानाचा वळ चोळला. मग म्हणाला, “मालक, त्यांच्याबरोबर मलाही काढता येईल का?” मालक खो-खो हसले. “वा! खुर्ची मिळाल्याबरोबर विनोदही जमायला लागले. जा, त्यांना सांगून या.”