दिव्यावरची टिकली

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला, तशी शेजारी बसलेल्या नवऱ्याने माझ्या पर्समधून टिकली काढून त्यावर चिकटवली. "टायर मी लाथ मारून बघितलेत, टणक आहेत. दिवा उगाच बोंबलतोय. घाट येतोय, थांबू नकोस."

प्रत्येक चाकात हवा मोजणारा सेन्सर असतो, हे त्याला किती वेळा सांगायचं? मागे दोन्ही मुलं झोपली होती. मी गाडी सरळ पंपावर घेतली.

"बाई गाडी चालवायला बसली की असंच!" तो म्हणाला.

हवा भरणाऱ्याने मीटर लावला. मागच्या डाव्या चाकात हवी होती तेहतीस, निघाली सतरा.

मी दिव्यावरची टिकली उचकटली आणि नवऱ्याच्या चष्म्यावर चिकटवली. "आता मार लाथ, आणि सांग हवा किती आहे."