कोरी जर्सी
रग्बी लीग क्लबच्या नव्या जर्सीवरून शारजाच्या गारेगार हॉलमध्ये चाहते हुज्जत घालत होते. हेमंतच्या लेकीने, वैभवीने डिझाइन केलेली जर्सी तर निव्वळ पांढरी होती. “क्लबचा ससाणा कुठाय, बेटा? हे तर हॉस्पिटलचं कापड वाटतंय,” अलीमियाँ म्हणाले आणि सगळे हसले. ओशाळलेल्या हेमंतनेही मतदानात जुन्या जर्सीसाठीच हात वर केला. “बाबा, मॅच एसीत नसते. ही घालून ग्राउंडला एक राउंड मार, प्लीज,” वैभवी एवढंच म्हणाली. तिचं मन राखायला तो सप्टेंबरच्या रणरणत्या उन्हात धावला आणि धापा टाकत, घामाने निथळत परतला. हॉलमधल्या सगळ्यांच्या नजरा त्याच्या छातीवर खिळल्या. त्याने खाली पाहिलं. जर्सीच्या ओल्या छातीवर निळा ससाणा उमटला होता. श्वासागणिक पंख पसरत होता. “सुभानल्लाह,” अलीमियाँ पुटपुटले. कुणीतरी टॉवेल पुढे केला. हेमंतने तो हलकेच बाजूला सारला.