आठ वारांचा किल्ट

एडिंबराच्या त्या दुकानात अप्पांचा किल्ट शिवून तयार होता. माझ्या लग्नात नवरदेवाकडचे सगळे पुरुष हाच घागऱ्यासारखा पोशाख घालणार, म्हणून अप्पाही कसेबसे तयार झाले होते. आज नुसता घालून बघायचा होता.

अप्पा पडद्याआडून बाहेर आले तेव्हा निऱ्या पुढे होत्या आणि खाली पँट तशीच होती. दुकानाच्या मालकीणबाईंनी निऱ्या मागे घ्यायच्या असतात असं खुणेनं सांगितलं, पँटकडे बघून मान हलवली आणि त्यांना परत आत पाठवलं.

"याला कापड किती लागतं गं?" आईनं मला विचारलं.

मी मालकीणबाईंना विचारून सांगितलं, "आठ वार."

"आठच?" म्हणत आई खुर्चीत जरा ऐसपैस बसली.

कुणाचंही लग्न असलं की आई नऊवारी नेसते. तेवढा वेळ अप्पा बूट घालून, बोटाभोवती किल्ली फिरवत खोलीच्या दाराबाहेर उभे राहतात आणि दर पाच मिनिटांनी एकच प्रश्न विचारतात. सदतीस वर्षांत आईनं त्याला कधी उत्तर दिलेलं नाही.

वीस मिनिटं गेली. आत काहीतरी धपकन पडलं आणि पडद्यातून अप्पांचा हात बाहेर आला. "अगं, जरा ये ना इकडे."

आई उठली नाही. तिनं पर्समधून किल्ली काढली, बोटाभोवती सावकाश फिरवली आणि पडद्याकडे बघत विचारलं,

"अहो, अजून निऱ्याच चालल्यात का?"