किनाऱ्यावरचा एकुलता एक वकील

"बस. यापुढे एक शब्दही बोलू नका," वकील म्हणाला आणि त्याने हातातलं पेन खाली ठेवलं.

फुसाएचं तोंड उघडंच राहिलं. आतापर्यंत तो नीट ऐकत होता. नवरा तोकुजी कोठडीत आहे. मासळीच्या कारखान्याचा ट्रक चालवतो. बंदराच्या उतारावर त्याच्या ट्रकखाली एक म्हातारी गेली. उद्या जबाबावर सही आहे. हे सगळं त्याने ऐकून घेतलं. मग तिच्या तोंडून 'उसुझावा मालकांच्या ट्रकचे ब्रेक' एवढं निघालं, आणि याने हात वर केला.

या ट्रकबद्दल कुणीतरी आधीच माझा सल्ला घेऊन गेलंय, तो म्हणाला. एका बाजूचं ऐकल्यावर दुसरीचं ऐकता येत नाही, नियमच आहे. कोण आलं होतं, ते सांगणार नाही. दुसरा वकील बघा.

दुसरा कुठला? अख्ख्या किनाऱ्यावर हा एकच. त्याच्यानंतरचा डोंगरापलीकडे, मोरिओका शहरात.

कोण आलं होतं, हे फुसाएला कुणी सांगायची गरज नव्हती.

वकील लावू नका, हे तिला मालकांनीच तर सांगितलं होतं. अंत्यविधीच्या दिवशी स्वतःची गाडी घेऊन ते तिच्या दारात आले. काळा सूट, काळा टाय. तिला म्हातारीच्या घरी घेऊन गेले आणि तिच्याआधी स्वतः दारात गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं. रडलेसुद्धा. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, मालक असावा तर असा. फुसाएलाही तेव्हा तसंच वाटलं.

परतताना ते गाडीत म्हणाले, "वहिनी, वकील आणला की लोक म्हणणार, यांना पश्चात्ताप नाही, नुसतं सुटायला बघतायत. आणि तोकुजीला सांगा, ब्रेकबिकचं नाव काढू नकोस. सबब सांगणाऱ्याला आपल्याकडे कुणी माफ करत नाही. मान खाली घालून सही कर म्हणावं. पुढचं मी बघतो."

फुसाएने वाकून त्यांचे आभार मानले होते. आता ते आठवून तिला स्वतःच्याच कंबरेची चीड आली.

तो निरोप कोठडीत नेला तिनेच. तोकुजीने काचेपलीकडून मान डोलावली. मालकांचं खरंय, म्हणाला. त्याने जन्मात कधी सबब सांगितली नव्हती. पेडल आत आत जातंय, हे त्याने मालकांना किती वेळा सांगितलं, पण हंगाम संपू दे, एवढंच उत्तर मिळालं. त्यावर तो पुन्हा बोलला नाही. मालकाशी वाद घालायचा नसतो, ही आपली शिकवण. ही शिकवण कोणी काढली असेल? नोकराने तर नक्कीच नाही.

जबाब पोलीसच लिहितात, पण लिहितात 'मी' म्हणून. मी क्षणभर नजर हटवली. मी ब्रेक वेळेवर दाबला नाही. त्या 'मी'खाली तोकुजीने फक्त सही करायची आणि अंगठा उठवायचा.

आज सकाळी ती धुतलेले कपडे द्यायला गेली, तेव्हा तो काचेच्या भोकांपाशी तोंड आणून हळूच म्हणाला, "काय गं, मी दाबला होता ना ब्रेक? हे रोज म्हणतात, नाही दाबला. आता मलाही तसंच वाटायला लागलंय."

खटल्याबद्दल बोलायचं नाही, असं शेजारी बसलेल्या शिपायाने बजावलं. उभा जन्म ट्रक चालवलेला माणूस स्वतःच्या पायाची साक्ष बायकोकडे मागत होता. फुसाए बाहेर पडली ती घरी गेली नाही. सरळ इथली बस धरली.

आणि इथे हा म्हणतो, बोलू नका.

ती उठली. आयुष्यात पहिल्यांदा तिने परक्या पुरुषासमोर आवाज चढवला. "रस्त्यावरचं रक्तसुद्धा धुतलं नसेल, तोवर पळत आला असेल तो तुमच्याकडे. आणि मला सांगतो वकील लावू नका."

वकिलाने नजर खिडकीबाहेर वळवली. बाहेर घराघरांच्या वळचणीला पर्सिमनची फळं सोलून वाळत टांगली होती. हिवाळा तोंडावर आला होता.

कचेरीतली म्हातारी नेमोतोबाई चहा घेऊन आली. "पळत कशाला येतील," ती सहज म्हणाली. "चांगले निवांत बसले होते की. जाताना ताजं वाकामे देऊन गेले, त्याच पहाटे समुद्रातून काढलेलं."

"नेमोतोबाई," वकील म्हणाला.

म्हातारीने जीभ चावली आणि ट्रे छातीशी धरून आत गेली.

वाकामेचं शेवाळ ताजं निघतं ते वसंतात. पुढे वर्षभर खायचं ते खारवलेलं. हे किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अपघाताला अजून महिनासुद्धा झाला नव्हता.

फुसाए खाली बसली. वकिलाने तिच्याकडे न बघता टेबलावरचा फोन तिच्यापुढे सरकवला आणि मोरिओकाच्या वकील संघाचा नंबर लिहिलेला कागद त्यावर ठेवला. अटकेतल्या माणसाला भेटायला एकदा फुकट वकील येतो, घरच्यांनीही मागितला तर चालतो, तो म्हणाला. एवढं मी कुणालाही सांगू शकतो.

तिने तिथूनच फोन लावला. पलीकडच्या बाईने नाव, ठाणं, गुन्हा लिहून घेतला आणि आणखी काही सांगायचंय का, असं विचारलं.

"सांगायचंय," फुसाए म्हणाली. "वकिलांना आजच पाठवा. माझ्या नवऱ्याला म्हणावं, सही करू नकोस, तू ब्रेक दाबला होतास. आणि हेही लिहून घ्या. ब्रेक बिघडले की माणूस ट्रक गॅरेजमध्ये नेतो. आमचा मालक वसंतातच वकिलाकडे गेला होता."